पहिला फ्लॅट किरायाने देताना: नागपुरातल्या नवख्या घरमालकांसाठी

मनीषनगरातल्या माझ्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचा हप्ता २१,६९६ रुपये आहे आणि किराया येतो १२,०००. फ्लॅट घेताना दलालापासून नात्यातल्या लोकांपर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, ‘किरायातूनच हप्ता निघून जाईल ताई, तुम्हाला काय करायचंय?’ निघत नाही. तरीही मला तो घेतल्याचा पस्तावा नाही, कारण सही करण्याच्या आदल्या रात्री हा फरक मी वहीत मांडून पाहिला होता.

मी नोकरी करते. हा एक फ्लॅट आणि मानेवाड्याला सासूबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एवढंच माझं ‘किरायाचं’ जग. नऊ वर्षांत यातल्या बऱ्याच गोष्टी पैसे मोजून शिकले. तुम्हाला त्या मोजाव्या लागू नयेत म्हणून क्रमाने लिहिते आहे. कागदोपत्री ‘भाडेकरू’ लिहितात, पण आपण बोलतो तसं मी किरायेदारच म्हणणार.

१. आधी वही, मग फ्लॅट

माझे आकडे देते, त्याजागी तुमचे घाला.

फ्लॅटची किंमत ३६ लाख, कर्ज २५ लाख. म्हणजे घरचे ११ लाख लागतील असं वाटतं ना? लागले चौदा लाखांच्या वर. मुद्रांक शुल्क नागपुरात मेट्रोचा अधिभार धरून सुमारे सात टक्के पडतं. घर फक्त महिलेच्या नावे असेल तर एक टक्का सवलत मिळते, म्हणून मला २ लाख १६ हजार लागले. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००. मग वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी), बँकेची प्रोसेसिंग फी, रंग, पंखे, किचनची कामं. यातला मुद्रांक-नोंदणीचा पैसा बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो खिशातूनच जातो. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. ती कमाल मर्यादा आहे. तेवढं कर्ज घेतलंच पाहिजे असं नाही.

आता वर्षाचा हिशेब. किराया बारा नाही, अकरा महिन्यांचा धरायचा, कारण एखादा महिना रिकामा जातोच. १२,००० गुणिले ११, म्हणजे १,३२,०००. स्कीमचा, म्हणजे इमारतीचा, मेंटेनन्स दरमहा १,५०० प्रमाणे १८,०००, मनपाचा मालमत्ता कर सहा हजारांच्या आसपास, प्लंबर-रंग-मोटार यांचे १२,०००. हाती उरले ९६,०००, म्हणजे महिन्याला आठ हजार. हप्ता २१,६९६. दर महिन्याला पगारातून १३,७०० रुपये घालावे लागतात.

हे तुम्हाला जमत असेल तर पुढे जा. आणि सहा हप्ते, माझ्या बाबतीत सुमारे १ लाख ३० हजार, वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय इसार देऊ नका.

एक कळकळीचं सांगणं. ज्यांचं स्वतःचं घर आहे आणि पाया दोन मजल्यांचा आहे, त्यांनी फ्लॅट बघायला निघण्याआधी आपल्या गच्चीकडे बघावं. मानेवाड्याच्या दोन खोल्यांवर आमचे सात लाख गेले आणि किराया येतो साडेसहा हजार. जागेचा पैसा लागत नाही, त्यामुळे हा हिशेब फ्लॅटपेक्षा कितीतरी बरा बसतो. मात्र नकाशा मंजूर करून घ्या. मंजुरीशिवाय चढवलेल्या मजल्यावर बँक उभी राहत नाही आणि विकताना गिऱ्हाईकही मागे सरतं.

२. कोण राहणार, ते ठरवून भाग निवडा

आपल्याला आवडतो तो भाग आणि किरायाला चालतो तो भाग, हे एकच असेल असं नाही. हिंगणा रोड, वाडी, लोकमान्यनगर इथे एमआयडीसीत काम करणारे आणि कॉलेजची मुलं. मेडिकल, हनुमाननगर, रामबागच्या बाजूला निवासी डॉक्टर, नर्सेस, परीक्षेची तयारी करणारे. बजाजनगर, अभ्यंकरनगरला व्हीएनआयटीमुळे मागणी. मनीषनगर, बेसा, बेलतरोडीला मिहान, एम्स आणि वर्धा रोडवरची नोकरदार कुटुंबं. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर या दोन्ही मेट्रो मार्गांच्या स्टेशनपासून पायी पोचता येतं का, हे आता किरायेदार स्वतःहून विचारतात.

फ्लॅट बघायला मे महिन्यात जा, दुपारी दोनला. वरचा मजला किती तापतो ते तेव्हाच कळतं. आणि खाली वॉचमनला विचारा, टँकर येतो का, किती येतात, पैसे कोण भरतं. शहराच्या कडेच्या स्कीममध्ये उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्सवर चढतो आणि किरायेदार तो द्यायला तयार नसतो.

३. कागद

नागपुरात जमिनीचे इतके प्रकार आहेत की पुण्या-मुंबईचा सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. म्हणून या पायरीवर घाई नको.

गुंठेवारी लेआउट: शेतजमिनीवर पाडलेले प्लॉट. ५७२ आणि १९०० लेआउटची नावं तुम्ही ऐकली असतीलच. इथे नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आपण ज्याला आरएल म्हणतो, ते बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. ‘डिमांड भरली आहे, आरएल येईलच’ हे वाक्य ऐकलं तर उठून या. डिमांड म्हणजे नियमितीकरणाच्या शुल्काची मागणी, ती भरल्याची पावती म्हणजे आरएल नाही.

लीज आणि नझूल: नासुप्रचे, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचे, काही भूखंड लीजवर असतात आणि शहराच्या जुन्या भागात नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, जमीन आहे. लीजची मुदत कधी संपते, हस्तांतरणाला परवानगी घेतली आहे का, नूतनीकरणाची रक्कम कोण भरणार, हे इसारपत्रात लिहून घ्या.

फ्लॅट स्कीम: आपल्याकडे अनेक स्कीममध्ये सहकारी सोसायटी नसते, अपार्टमेंट कायद्याखालची असोसिएशन असते. अशा ठिकाणी डीड ऑफ डिक्लेरेशन नोंदलेलं आहे का आणि त्यात तुमचा फ्लॅट, पार्किंग, जमिनीतला हिस्सा नेमका लिहिलेला आहे का ते वाचा. आपण पार्किंग समजतो ती जागा कागदावर कधी कधी सगळ्यांची सामाईक निघते.

वकिलाकडे जाताना ही यादी सोबत न्या:

- मागच्या सगळ्या खरेदीखतांच्या प्रती आणि इंडेक्स टू
- सातबारा किंवा आखीव पत्रिका, अकृषक आदेश
- आरएल किंवा मंजूर लेआउट, इमारतीचा मंजूर नकाशा
- भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला)
- डीड ऑफ डिक्लेरेशन किंवा सोसायटीचं शेअर प्रमाणपत्र
- मालमत्ता कर, पाणी, वीज यांच्या शेवटच्या पावत्या
- असोसिएशनचं ना-हरकत आणि थकबाकी नसल्याचं पत्र
- आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र

सर्च रिपोर्ट तीस वर्षांचा मागा. बँकेचा वकील तपासतोच, मग आपला कशाला, असं वाटतं. पण बँकेचा वकील बँकेचा पैसा सुरक्षित आहे का ते बघतो. तुमची बाजू बघणारा तुमचाच असावा लागतो.

बांधकाम चालू असलेल्या स्कीममध्ये फ्लॅट घेणार असाल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प शोधा, ताबा कधीचा लिहिला आहे आणि मुदत किती वेळा वाढवली ते तिथे दिसतं. माझं मत विचाराल तर पहिलं घर तयारच घ्या. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, आणि किराया पुढच्याच महिन्यात सुरू होतो. बांधकामाच्या काळात तुम्ही व्याज भरत राहता आणि येत काहीच नाही.

सापळा: ‘थोडे नगदी द्या, रजिस्ट्री कमी दाखवू.’ स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा असतो. शिवाय मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकातली, किंमत यांतल्या जास्त असलेल्या आकड्यावरच लागतं. रेडी रेकनरच्या खाली दाखवून वाचत काही नाही, उलट बँकेचं कर्ज घटतं.

४. कर्ज

तीन बँकांत तरी विचारा आणि लेखी घ्या. व्याजदर रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या दराशी, जोडलेला आहे का, त्यावर बँकेचं मार्जिन किती, दर किती महिन्यांनी बदलतो, हे तीनच प्रश्न. २५ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: पहिल्या हप्त्यातले १७,७०८ व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त ३,९८८. वीस वर्षांत २७ लाख व्याज होतं. म्हणून दिवाळीचा बोनस आला की मुद्दलात भरा. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही.

दर वाढला की बँक बहुधा हप्ता तोच ठेवते आणि मुदत वाढवते. आपल्याला काही जाणवत नाही, आणि वीस वर्षांची चोवीस होतात. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्क तुम्हाला आहे. वर्षातून एकदा कर्जाचा उतारा काढून उरलेले महिने मोजा.

आमच्याकडे एक चूक झाली. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावे, कर्जात नवरा सहअर्जदार, आणि अर्धा हप्ता त्याच्या खात्यातून. आयकरात त्याला त्या हप्त्याची काहीच वजावट मिळाली नाही, कारण तो मालक नाही. दोघांना वजावट हवी असेल तर दोघांचं नाव खरेदीखतावर हवं, मग महिलांची सवलत सोडावी लागते. शिवाय पूर्ण पैसा नवऱ्याचा आणि नाव बायकोचं असेल तर किरायाचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. हे रजिस्ट्रीच्या आधी सीएकडे बसून ठरवा.

५. घर तयार करा, कूलरसकट

रंग पांढरट ठेवा, नळ चांगल्या प्रतीचे लावा, एवढं पुरे. महागडं फर्निचर घालून किराया फारसा वाढत नाही. पण कूलरकडे लक्ष द्या.

मागच्या एप्रिलमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, ‘ये आणि भिंत बघ.’ जाऊन बघितलं तर आमच्या कूलरचं स्टँड खिडकीच्या बाजूने गंजून एका पायावर झुकलं होतं. टाकीतून थेंब थेंब पाणी सज्जावर, सज्जावरून त्यांच्या ग्रीलवर, आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत उतरले होते. आतल्या बाजूने प्लास्टरला बोट लावलं की भुगा. त्या दुरुस्तीचे मी दिले साडेचार हजार, आणि काकूंची दोन दिवस घरात धूळ झाली ती वेगळीच. स्टँड त्यांच्या खिडकीवर पडलं असतं तर काय, या विचाराने मला त्या रात्री झोप नव्हती.

तेव्हापासून मार्च उजाडला की मी स्वतः जाऊन स्टँडचे बोल्ट हलवून बघते, टाकी गळते का बघते, ताट्या बदलून देते. कूलर मालकाचा की किरायेदाराचा आणि दुरुस्ती कोणाची, हे करारात एका ओळीत लिहा.

दुसरं, वीज. दोन खोल्या आणि खालचं घर एकाच मीटरवर असेल तर युनिट एकत्र मोजले जातात. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढत जातो, त्यामुळे दोन्ही घरांना महाग वीज पडते आणि ‘आमचे एवढे कसे’ ही कुरबूर दर महिन्याला. वेगळं मीटर घ्या.

६. किरायेदार निवडताना

घाईने पहिल्याच माणसाला चावी देऊ नका. कुठे काम करतात, आधीचं घर का सोडलं, आधीच्या मालकाचा नंबर, एवढं विचारा आणि त्या नंबरवर खरंच फोन करा. जात, धर्म, जेवण यांवरून माणसं गाळू नका. माझा आतापर्यंतचा सगळ्यात वक्तशीर किरायेदार असा एक मुलगा होता, ज्याला त्याआधी चार घरांनी या कारणावरून नकार दिला होता.

दलाल साधारण एका महिन्याचा किराया घेतो, कधी दोन्ही बाजूंकडून. डिपॉझिट दोन महिन्यांचं ठेवा. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात द्या, महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही देता येते. त्याची पोच जपून ठेवा.

७. करार नोंदवा, नोटरीवर थांबू नका

हा लेख लिहायला बसले ते मुख्यतः या पायरीसाठी.

मानेवाड्याच्या खोल्यांत आमचा पहिला किरायेदार अकरा महिन्यांच्या नोटरी करारावर आला. सगळे तसंच करतात म्हणून आम्हीही केलं. मुदत संपल्यावर तो आणखी चार महिने राहिला, डिपॉझिट केव्हाच संपलं, आणि किराया किती ठरला होता यावरूनच वाद सुरू झाला. वकिलाने करार हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘नोंदवलाय का?’

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नसेल तर अटींबद्दल किरायेदाराचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. नोंद न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत इतर राज्यांतून आली आहे, आपल्या राज्यात ती चालत नाही.

नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणाऱ्या कराराचा, फायदा मोठा आहे. मुदत संपूनही राहत्या घराचा ताबा दिला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते.

आणि खर्च किती? समजा १२,००० किराया, २४ महिने, डिपॉझिट २४,०००. मुद्रांक शुल्क एकूण किराया अधिक डिपॉझिटच्या दर वर्षी १० टक्के, या बेरजेच्या पाव टक्का. २,८८,००० अधिक ४,८०० म्हणजे २,९२,८००, त्याचे होतात ७३२, शंभराच्या पटीत ८००. नोंदणी फी मनपा हद्दीत १,०००, ऑनलाइनचा हाताळणी खर्च ३००. एकवीसशे रुपये आणि एजंटची फी. एवढ्यासाठी आम्ही चार महिन्यांचा किराया घालवला.

नोंदणी ऑनलाइन होते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं लागत नाही. मालक आणि किरायेदाराचं आधार, पॅन, दोन साक्षीदारांचं आधार, मालमत्तेचा कागद किंवा वीजबिल एवढं लागतं. अंगठ्याचा ठसा आधारशी जुळला पाहिजे, आणि इथे वयस्क माणसं अडकतात. माझ्या सासूबाईंची बोटं आयुष्यभर राख आणि नारळाच्या शेंडीने भांडी घासून गुळगुळीत झालेली. यंत्र प्रत्येक बोटाला लाल दिवा दाखवत होतं आणि त्या दर वेळी बोट पदराला पुसून पुन्हा ठेवत होत्या, आपलंच काही चुकतंय अशा चेहऱ्याने. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा ठसा लागला. घरी वयस्क मालक असतील तर आधार केंद्रावर जाऊन बायोमेट्रिक आधीच अद्ययावत करून घ्या.

करारात या गोष्टी नक्की लिहा: किराया दर वर्षी किती टक्के वाढेल, सोडण्याआधी किती दिवसांची सूचना, पहिल्या सहा महिन्यांत सोडल्यास काय, मेंटेनन्स-वीज-पाणी कोणाकडे, रंगाचे पैसे कापणार की नाही, आणि पंखे, ट्यूब, गीझर, चाव्या यांची मोजून यादी. मुदत ६० महिन्यांपर्यंत ठेवता येते, म्हणून मी आता चोवीस महिन्यांचाच करते. तो मे महिन्यात संपू देऊ नका. परीक्षा संपून मुलं गावी गेलेली असतात, शाळा बंद, उन्हात घर बघायला कोणी निघत नाही. जून-जुलैत शाळा-कॉलेज सुरू होताना करार संपला तर घर लवकर लागतं.

८. दर महिन्याचं आणि दर वर्षाचं

किराया फक्त बँकेत किंवा यूपीआयने घ्या, एकाच खात्यात. असोसिएशनने ‘किरायेदार ठेवला’ म्हणून वाटेल तसा जादा आकार लावला तर इमारतीला सोसायटी आहे का ते बघा. सहकारी सोसायटीत हा बिनभोगवटा आकार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

आयकरात किरायातून तुम्ही त्या वर्षी खरोखर भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या लागत नाहीत. मग कर्जाचं व्याज. माझ्या फ्लॅटचं पहिल्या वर्षी, बाराही महिन्यांचा किराया धरून, उत्पन्न असं: १,४४,००० उणे ६,०००, त्यातून ३० टक्के गेले, राहिले ९६,६००. व्याज दोन लाख दहा हजार. म्हणजे एक लाख तेरा हजारांच्या वर तोटा. जुन्या करप्रणालीत हा तोटा पगारातून वजा होतो, वर्षाला दोन लाखांपर्यंत. नव्या प्रणालीत होत नाही. कोणती प्रणाली घ्यायची हे ठरवताना हा आकडा समोर ठेवा.

कर्ज फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायला बँक बांधील आहे. उशीर तिच्याकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे.

९. घर सोडताना

किरायेदारासोबत उभं राहून करारातली यादी टिकमार्क करत जा. मीटरचा फोटो काढा, शेवटच्या बिलाची रक्कम त्याच वेळी ठरवा, असोसिएशनची थकबाकी विचारा, सगळ्या चाव्या मोजून घ्या आणि ताबा परत मिळाल्याची दोन ओळींची पावती दोघांच्या सहीने करा. हिशेब जुळला की डिपॉझिट त्याच दिवशी द्या. ‘आठवड्याने पाठवते’ म्हणू नका. गाव बदलणाऱ्या माणसाला नव्या घराचं डिपॉझिट याच पैशातून द्यायचं असतं.

माझ्या फ्लॅटमधलं आधीचं कुटुंब अमरावतीला बदली होऊन गेलं, तेव्हा मी ट्रक भरत असतानाच पैसे टाकले. त्यांनीच ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला माझा नंबर दिला. त्या वेळी फ्लॅट अकरा दिवस रिकामा राहिला, आणि त्यातले चार रंगात गेले.